शितावरून दिग्दर्शकाची परीक्षा : सोलापुरातील एका चित्रपट-चर्चामालिकेचा अभिप्राय

सात रस्त्याजवळच्या एका लहान सभागृहात यंदा फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या आरंभापर्यंत आठ रविवार एकाच प्रश्नावर वाद घालण्यात आला : गेल्या साडेतीन दशकांतील सर्वश्रेष्ठ चित्रपट-दिग्दर्शक कोण? मालिका सशुल्क होती. आठ सत्रांचे मिळून बाराशे रुपये आणि विद्यार्थ्यांना निम्मे शुल्क आकारले होते. सकाळी दहाला सुरुवात, एखाद्या दिग्दर्शकाच्या दोन चित्रपटांतील सुमारे वीस-वीस मिनिटांचे तुकडे, मध्ये चहा आणि मग साडेबारापर्यंत चर्चा, असा क्रम ठरलेला होता. आयोजकांचे नाव येथे देत नाही, कारण माझ्या तक्रारी सुधारता येण्याजोग्या आहेत आणि त्या त्यांच्या कानावर मी घातलेल्याच आहेत. ज्यांना सोलापुरात असा उपक्रम चालतो हेच माहीत नव्हते आणि पुढच्या वेळी पैसे भरावेत की नाही असा ज्यांच्यापुढे प्रश्न आहे, त्यांच्यासाठी हा अभिप्राय आहे.

प्रथम उपक्रमाच्या बांधणीविषयी लिहितो, कारण पुढचे बरेचसे भलेबुरे तिच्यातूनच निघाले. पूर्ण चित्रपट पैसे घेऊन जाहीरपणे दाखवायचा तर हक्कधारकाची परवानगी लागते, आणि परदेशी चित्रपटांसाठी ती मिळवणे एखाद्या लहान मंडळाच्या आवाक्यातले नसते. म्हणून येथे फक्त तुकडे दाखवले जातात आणि सदस्यांनी पूर्ण चित्रपट आधी घरी पाहून यावेत अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पाहून येणारे थोडे असतात. मग चर्चा होते ती समोर दिसलेल्या तुकड्याची. शितावरून भाताची परीक्षा करण्याची आपल्याकडे जुनीच रीत आहे, परंतु ती भाताला लागू पडते याचे कारण सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. चित्रपटाचे तसे नाही. काही दिग्दर्शक आपले सारे बळ एकेका प्रसंगात ओततात, तर काहींचे बळ दोन प्रसंगांमध्ये जे दाखवलेले नाही त्यात असते. तुकड्यांवर चाललेला वाद पहिल्या प्रकारच्या दिग्दर्शकांना मुळातच झुकते माप देतो. आठही रविवारी हे झुकते माप मला दिसत राहिले, आणि या मालिकेचे गुणदोष मी त्याच्याच आधारे मांडणार आहे.

पहिले सत्र निकष ठरवण्यात गेले. 1990 किंवा त्यानंतर प्रदर्शित झालेले चित्रपटच विचारात घ्यायचे असे ठरले, आणि लगेच एका ज्येष्ठ सदस्यांनी सत्यजित राय यांचे काय, असा प्रश्न उभा केला. राय यांचा ‘आगंतुक’ 1991चा आहे, म्हणजे तो मर्यादेत बसतो, पण त्या एका चित्रपटावर राय यांना तोलायचे म्हणजे त्यांच्यावर अन्यायच. मार्टिन स्कोर्सेसी यांची अडचण याच्या अगदी उलटी. त्यांचा ‘गुडफेलाज’ नेमका 1990चा असल्यामुळे तो आत आला आणि आधीची दोन दशके बाहेर राहिली. त्या चित्रपटातील कॅमेरा नायकाच्या मागोमाग नाइट-क्लबच्या मागल्या दाराने, स्वयंपाकघरातून वळणे घेत, एकही तोड (कट) न घेता थेट रंगमंचापुढच्या टेबलापाशी पोहोचतो, तो प्रसंग दाखवण्यात आला. त्यावर पुरस्कारांचा हिशेब निघाला. स्कोर्सेसी यांना दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळायला 2007 साल उजाडावे लागले, आणि हिचकॉक व कुब्रिक यांना तर दिग्दर्शनाचे ऑस्कर कधीच मिळाले नाही, हे चर्चेच्या संचालकांनी सांगितल्यावर पुरस्कार हा निकष बाद व्हायला हवा होता. तो कागदावर बाद झाला, परंतु पुढच्या प्रत्येक रविवारी कोणी ना कोणी त्याला मागल्या दाराने आत आणतच राहिले.

संचालक निवृत्त प्राध्यापक आहेत आणि या मालिकेत शुल्काचे मोल वसूल होते ते प्रामुख्याने त्यांच्यामुळे. तुकडा संपला की ‘आवडला का’ असे ते विचारत नाहीत. कॅमेरा कोठे होता, तो हलला का, आवाज कोठून येत होता, तोड नेमकी कधी आली, एवढेच ते विचारतात आणि उत्तर चुकले तर तेवढे अर्धे मिनिट पुन्हा दाखवतात. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, तिचे मोल मला फार वाटते. परदेशी चित्रपटांच्या तुकड्यांतील संवाद मराठीत लिहून, छापून, आधीच खुर्च्यांवर ठेवलेले असत. इंग्रजी तळओळी (सबटायटल्स) भराभर वाचता न येणारे पुष्कळ लोक आपल्या शहरात आहेत आणि चित्रपटाची जाण त्यांना कमी असते असे मुळीच नाही. ते दोन पानी कागद हाती असल्यामुळे यंत्रमागाच्या कारखान्यात आयुष्य काढलेले एक गृहस्थ आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी एकाच पातळीवर वाद घालत होत्या.

ख्रिस्तोफर नोलन यांच्या सत्राला सभागृह भरून गेले होते. ‘डंकर्क’मध्ये किनाऱ्यावरचा एक आठवडा, समुद्रावरचा एक दिवस आणि आकाशातला एक तास असे तीन निरनिराळे काळ एकमेकांत गुंफलेले आहेत. विद्यार्थ्यांनी ते फळ्यावर तीन रेघा आखून इतके सुबक समजावून दिले की आमच्या वयाच्या मंडळींना एरवी कोडे वाटणारी गोष्ट सरळ झाली. दुसरा तुकडा ‘ओपनहायमर’मधील चाचणी-स्फोटाचा होता. प्रकाश आधी येतो आणि आवाज बऱ्याच वेळाने, हे भौतिकशास्त्र नोलन यांनी तेथे नाट्यासाठी राबवले आहे. आगीचा लोळ पडदाभर उसळतो आणि ऐकू येतो तो फक्त श्वास. आता ही शांतता ऐकण्यासाठी शांतता लागते. मार्चमधले सोलापूर, सभागृहात वातानुकूलन नाही, छतावर जुने पंखे. प्रत्यक्षात आम्ही ऐकली ती पंख्यांची घरघर. संचालकांनी चित्र थांबवले, पंखे बंद करायला लावले, खिडक्यांचे पडदे ओढून घेतले आणि तोच प्रसंग पुन्हा लावला. घामाने सगळे निथळत होते, पण नंतर आलेला तो धमाका खुर्चीच्या लोखंडातून हाताला जाणवला. ही दोन मिनिटे मी पाहिली नसती तर ध्वनी हा दिग्दर्शनाचा भाग आहे हे वाक्य माझ्यापुरते पुस्तकीच राहिले असते. तरीही नोलन यांना या सभागृहात पूर्ण न्याय मिळाला असे म्हणवत नाही. आयमॅक्सच्या मोठ्या फिल्मवर चित्रित झालेली दृश्ये भिंतीएवढ्या पडद्यावर आणि करड्या पडलेल्या काळ्या रंगात पाहणे म्हणजे तडजोडच होती. इतक्या तडजोडीनंतरही ती दृश्ये प्रभाव पाडून गेली, हे नोलन यांच्या बाजूने धरायला हवे.

तिसऱ्या रविवारी मणिरत्नम आणि एस. एस. राजमौली यांना एकत्र ठेवले होते आणि त्यात मणिरत्नम यांचा बळी गेला. ‘इरुवर’सारखा चित्रपट ज्यांच्या नावावर आहे त्या दिग्दर्शकाला चहापूर्वीची पाऊण तासाची जागा देऊन मोकळे होणे बरे नव्हे. राजमौलींवरची चर्चा मात्र मी सहसा विसरणार नाही. शहराच्या पूर्व भागातून आलेले तेलुगू मातृभाषेचे सदस्य त्या दिवशी संख्येने अधिक होते, आणि त्यांच्या बाजूने एका तरुण वकिलांनी जो युक्तिवाद केला तो गर्दीच्या आकड्यांवर बेतलेला नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, पडद्यावर पन्नास माणसे आणि दहा जनावरे धावत असताना कोण कोणाच्या उजवीकडे आहे, कोण कोठून येणार आहे, याबद्दल प्रेक्षकाचा क्षणभरही गोंधळ होऊ न देणे ही दुर्मीळ विद्या आहे, आणि ‘आरआरआर’च्या मध्यंतरापूर्वीच्या हल्ल्यात ती दिसते. त्यांनी तो तुकडा आवाज बंद करून दाखवायला लावला. खरोखरच काहीही हरवले नाही. ‘बाहुबली’चा पहिला भाग 2015 मध्ये एका प्रश्नावर थांबवून त्याचे उत्तर 2017 पर्यंत राखून ठेवण्याचे धाडसही त्यांनी दिग्दर्शनाच्याच खात्यावर जमा केले. ते मला पटले नाही, कारण तो मला व्यापारी हिशेबाचा भाग वाटतो. ‘नाटू नाटू’ला ऑस्कर मिळाल्याचा विषय निघाला तेव्हा तर पुरस्कार बाद ठरल्याची आठवण कोणालाच राहिली नाही. पण सुस्पष्टतेचा मुद्दा खोडून काढणे कोणाला जमले नाही, मलाही नाही.

दक्षिण कोरियाच्या बोंग जून-हो यांच्या सत्रात तुकड्यांची पद्धत सर्वांत चांगली चालली. ‘पॅरासाइट’मध्ये ते कुटुंब भर पावसात श्रीमंतांच्या वस्तीतून आपल्या तळघराकडे पळत निघते. जिने, उतार, बोगदा, पुन्हा जिने, प्रत्येक दृश्यात माणसे खाली आणि आणखी खालीच जातात आणि पाणी त्यांच्याबरोबर उतरत राहते. समाजातल्या उतरंडीविषयी एकही वाक्य न उच्चारता ती पायांखाली दाखवलेली आहे. ते घर आणि ती गल्ली दोन्ही उभारलेले नेपथ्य आहे हे संचालकांनी नंतर सांगितले, तेव्हा कोणत्या पायरीवर कॅमेरा का ठेवला असेल यावरची चर्चा साडेबारा उलटून गेल्यावरही थांबेना.

आता ज्या सत्रासाठी हा अभिप्राय लिहावासा वाटला त्याकडे येतो. पाचव्या रविवारी इराणचे अब्बास कियारोस्तामी आणि अस्गर फरहादी होते. कियारोस्तामींच्या मोटारीतल्या दीर्घ संभाषणाला लोकांनी सभ्यपणे जांभया दिल्या. फरहादींच्या ‘अ सेपरेशन’मधून निवडलेला तुकडा दारातल्या भांडणाचा होता. नादेर घरी येतो, आजारी वडिलांना पलंगाला बांधून कामवाली बाई बाहेर गेल्याचे त्याला दिसते, पैसे कमी असल्याचा संशय येतो, आणि तो तिला दाराबाहेर ढकलतो. हातातला कॅमेरा, अरुंद बोळ, वाढत जाणारे आवाज. तुकडा संपला आणि मागच्या रांगेतून शेरा आला, ‘हे तर आपल्या संध्याकाळच्या मालिकांत रोज दिसतं.’ सगळे हसले. तुकड्यापुरते पाहिले तर त्या गृहस्थांचे चुकलेही नव्हते.

परंतु त्या प्रसंगाचे वजन त्या प्रसंगात नाहीच. आदल्या दिवशी म्हातारे वडील घराबाहेर निघून गेलेले असतात, बाई त्यांच्या शोधात धावते, वाहत्या रस्त्याच्या पलीकडे ते तिला दिसतात, आणि तेथे फरहादी तोड घेतात. पुढच्या दृश्यात आपण दुसरीकडेच असतो आणि काही गाळले गेले आहे अशी शंकाही येत नाही. त्यानंतर दारातली ढकलाढकल, गर्भपात, न्यायालय, ती गरोदर असल्याचे नादेरला माहीत होते की नव्हते, तो खोटे बोलला की नाही, मुलीने बापासाठी काय सांगितले, या साऱ्यात आपण न्यायाधीश होऊन बसतो. मग पुष्कळ पुढे ती बाई कबूल करते की त्या दिवशी रस्त्यावर तिला मोटारीचा धक्का लागला होता. आपण जे पाहिले असे समजत होतो ते आपल्याला दाखवलेच नव्हते. आपला निवाडा अपुऱ्या पुराव्यावर उभा होता. दिग्दर्शकाने एकच तोड घेऊन दोन तासांच्या चित्रपटाचा न्याय फिरवला आहे, आणि ही करामत कोणत्याही वीस मिनिटांत मावणारी नाही. चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात नवरा-बायको सरळ कॅमेऱ्याकडे पाहून आपापली बाजू मांडतात आणि न्यायाधीश दिसत नाही, फक्त ऐकू येतो. म्हणजे खुर्ची आरंभीच आपल्याला दिलेली असते. शेवटी मुलीने आईकडे राहायचे की वडिलांकडे, हे उत्तर देण्याची वेळ येते, आईवडिलांना बाहेर बसवले जाते आणि तिचे उत्तर आपल्याला न सांगता नामावली सुरू होते.

हे मी सत्रात सांगण्याचा प्रयत्न केला, पण ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांना तोडीचे महत्त्व शब्दांनी पटवणे अवघड असते, आणि वेळही संपत आली होती. माझ्या मते गेल्या तीन दशकांतील दिग्दर्शकांत फरहादी सर्वांत वर आहेत. माणसांना खलनायक न बनवता संघर्ष दोन तास ताणून धरणे आणि प्रेक्षकाला स्वतःच्या घाईची जाणीव करून देणे, हे ‘अबाउट एली’पासून त्यांनी पुन्हा पुन्हा साधले आहे. सदस्यांनी माझ्याशी सहमत व्हावे असा आग्रह नाही. मात्र दिग्दर्शकाला हरायचेच असेल तर त्याने आपल्या खऱ्या ताकदीवर हरावे, एवढी व्यवस्था आयोजकांनी करायला हवी होती. निदान त्या एका सत्रापूर्वी तरी सदस्यांना चित्रपट पाहून येण्याची सक्ती करता आली असती. किंवा रस्त्यावरचा प्रसंग, दारातला प्रसंग आणि कबुलीचा प्रसंग असे तीन छोटे तुकडे ओळीने दाखवता आले असते.

सहाव्या सत्राबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तेथे लिहिण्यासारखे फारसे घडले नाही. जेन कॅम्पियन, सुमित्रा भावे आणि पायल कपाडिया यांना ‘महिला दिग्दर्शक’ या एका मथळ्याखाली एकाच रविवारी कोंबले होते. कॅम्पियन यांना 1993 मध्ये कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, या माहितीपलीकडे त्यांच्या कॅमेऱ्याबद्दल कोणी काही बोलले नाही. भावे यांनी सुनील सुकथनकर यांच्याबरोबर जोडीने दिग्दर्शन केले, तेव्हा जोडीला एक नाव धरायचे की दोन, याच तांत्रिक वादात ‘दोघी’ आणि ‘कासव’ बाजूला पडले. पुरुषांच्या सत्रांना ‘पुरुष दिग्दर्शक’ असा मथळा नव्हता, हे एका विद्यार्थिनीने उठून सांगितले तेव्हा संचालकांनी चूक मान्य केली. त्यांच्या मोठेपणाबद्दल शंका नाही, पण सत्र गेले ते गेलेच.

नागराज मंजुळे यांच्या सत्रात गंमत अशी झाली की, फरहादींच्या वेळी कोलमडलेली तुकड्यांची पद्धत येथे उत्तम चालली. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, आणि ‘सैराट’ न पाहिलेला माणूस त्या सभागृहात शोधून सापडला नसता. प्रत्येकाच्या डोक्यात पूर्ण चित्रपट असल्यामुळे पडद्यावरचा तुकडा त्याच्या मूळ जागी आपोआप बसत होता. ‘फँड्री’तला डुकराच्या पाठलागाचा प्रसंग दाखवला. शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि डुकरामागे धावणारे ते कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. हसू येते आणि त्याच क्षणी त्याची लाज वाटते, आणि या दोन्ही भावनांसाठी दिग्दर्शकाने आपल्याला एकच दृश्य दिले आहे. ‘सैराट’च्या शेवटाचा आवाज काढून घेण्याच्या निर्णयावर बोलताना लोकांना नोलन यांच्या स्फोटाची आठवण आपणहून झाली, आणि ती तुलना मला या मालिकेची खरी कमाई वाटते. करमाळ्याच्या मुलाने केलेली निवड आणि लंडनच्या दिग्दर्शकाने केलेली निवड एकाच फळ्यावर, कौतुकाची सवलत न देता, शेजारी शेजारी तपासली गेली. पूर्व भागातल्या एका बाईंनी सांगितले की हैदराबाद त्यांना माहेरासारखे आहे, तरीही ‘सैराट’च्या उत्तरार्धात ते शहर त्यांना परके वाटले, कारण कॅमेरा आर्चीच्या नजरेच्या उंचीवरून हलतच नाही.

या सत्राचा उत्तरार्ध मात्र ‘आपला माणूस’ या शब्दांभोवती फिरू लागला आणि घसरला. मंजुळे यांना श्रेष्ठ म्हणायचे तर ‘फँड्री’, ‘सैराट’ आणि ‘झुंड’ यांच्या आधारे म्हणावे, जिल्ह्याच्या नकाशाच्या आधारे नव्हे.

शेवटच्या रविवारी मतदान झाले. प्रत्येकाने पसंतीक्रमाने तीन नावे लिहायची आणि त्यांना तीन, दोन, एक असे गुण द्यायचे. नोलन पहिले, मंजुळे दुसरे आणि राजमौली तिसरे आले. निकालात धक्कादायक काही नव्हते. तिघांचेही चित्रपट सोलापुरातल्या चित्रपटगृहांत लागलेले आहेत आणि लोकांनी ते पूर्ण पाहिलेले आहेत. ज्यांचे फक्त तुकडे पाहिले ते खाली राहिले, बोंग यांचा चौथा क्रमांक हाच काय तो अपवाद. माझ्या चिठ्ठीवर फरहादी, बोंग आणि मंजुळे होते.

सोयींविषयी थोडे. खुर्च्या सपाट जमिनीवर मांडलेल्या असतात, त्यामुळे चौथ्या रांगेपासून मागे बसणाऱ्याला तळओळींऐवजी पुढच्याचे डोके दिसते. छापील कागद नसते तर मागचे निम्मे सभागृह आंधळेच राहिले असते. पहिले दोन रविवार पडद्यावरचे चित्र उभे ताणलेले होते, माणसे काठीसारखी बारीक दिसत होती, आणि ते सांगितल्यावर दुरुस्त झाले. चहा चांगला असतो, पण तो तुकडा संपल्या संपल्या येतो आणि बोलायच्या ऐन वेळी लोक कपबशांत गुंततात. दहाची वेळ साडेदहाशिवाय उजाडत नाही. वाहने लावायला जागा बेताची आहे, म्हणून दुचाकीने जावे. तीनचार बोलक्या मंडळींना आवर घालण्यात संचालक कमी पडतात, त्यासाठी घड्याळ घेऊन बसणारा दुसरा माणूस हवा.

एवढे सगळे असूनही बाराशे रुपये वाया गेले असे मी म्हणणार नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी तर सहाशे रुपयांत हे जरूर घ्यावे. ज्यांना आवडत्या दिग्दर्शकाचा जयजयकार करायचा आहे त्यांची तेथे निराशा होईल, कारण संचालक पहिल्याच प्रश्नात कॅमेरा कोठे होता ते विचारतात. पावसाळ्यानंतर छायाचित्रकारांवर मालिका घेण्याचे घाटते आहे. तिच्यासाठी मी नाव नोंदवले आहे, आणि नोंदणीच्या अर्जावर सूचनांच्या रकान्यात लिहून दिले आहे की नावे कमी करून चारच ठेवावीत, प्रत्येकाला दोन रविवार द्यावेत, आणि दुसऱ्या रविवारी पूर्ण चित्रपट पाहून आलेल्यांनाच मताची चिठ्ठी द्यावी.